बेरजेत वाढलेला तो एक क्विंटल : आर मधल्या तीन टिंबांचा घोळ

आर या संगणकीय भाषेत रावेर, यावल, चोपडा अशी तालुकावार केळीच्या वजनाची (क्विंटलमध्ये) बेरीज. बाहेरचं फंक्शन तीन टिंबं (म्हणजे आधी नाव न ठरवलेली बाकीची आर्ग्युमेंट्स, फंक्शनला द्यायच्या किमती) घेतं, ती आत टीअप्लायला (गटवार हिशोब करणारं फंक्शन) देतं, टीअप्लाय ती समला (बेरजेचं फंक्शन) देतं. रिकाम्या नोंदी वगळाव्यात म्हणून फंक्शनला हाक मारताना लिहिलं होतं ‘एनए बरोबर ट्रू’. यावलची नोंद 412, 388 आणि 405, उत्तर 1206. हवं होतं 1205. रावेरची एक नोंद रिकामी, तिथे बेरीज सरळ एनए, म्हणजे ‘किंमत नाही’.

एरर नाही, वॉर्निंग नाही. हीच खरी डोकेदुखी.

कारण असं: मीनमध्ये (सरासरीचं फंक्शन) ‘एनए’ एवढं लिहिलं तरी चालतं, कारण तिथे ‘एनए डॉट आरएम’ (रिकाम्या नोंदी वगळायचं आर्ग्युमेंट) टिंबांच्या आधी आहे आणि आर अर्धवट नाव जुळवून घेतं. सममध्ये तेच आर्ग्युमेंट टिंबांच्या नंतर येतं. टिंबांनंतरच्या आर्ग्युमेंटचं नाव पूर्णच लागतं. मग ‘एनए’ टिंबांत पडतं, त्यातला ट्रू म्हणजे 1, आणि तो वजनात मिळवला जातो. प्रत्येक तालुक्यात एक-एक.

दुरुस्ती: बाहेरच्या फंक्शनमधून टिंबं काढली, ‘एनए डॉट आरएम’ हे आर्ग्युमेंट डीफॉल्ट ट्रू ठेवून उघड लिहिलं आणि टीअप्लायला पूर्ण नावानिशी दिलं. आता कशाशीच न जुळणारं नाव दिलं की ‘अनयूज्ड आर्ग्युमेंट’ म्हणून आर तिथेच अडतं. टिंबं ठेवायचीच असतील, तर हे आर्ग्युमेंट त्यांच्या आधी मांडा.

उलटी चूकही होते: बाहेर टिंबं घेतली, पण आतल्या कॉलमध्ये लिहायची राहिली. मग दिलेलं सगळं गुपचूप गळतं.