कूलर लावायच्या आधीच: ऑफिसातल्या ॲलर्जीची तयारी

नागपुरात ऑफिस, दुकान किंवा छोटा कारखाना सांभाळणाऱ्यांना एकच सांगणं आहे, महाशिवरात्र झाली की या कामाला लागा, होळीची वाट बघू नका, कारण होळी झाली की अख्ख्या शहराला एकाच वेळी कूलरवाला पाहिजे असतो आणि मग तो घाईघाईत ताटी, म्हणजे कूलरच्या बाजूचं गवताचं किंवा लाकडाच्या तंतूंचं पॅड, ठोकून निघून जातो. आणि आपल्याकडे ऑफिसात लोकं शिंकून राहिले, डोळे चोळून राहिले, तर बरेचदा गडबड त्या कूलरमध्येच असते.

मागच्या सीझनची ताटी तशीच राहिली असेल तर तिच्यात धूळ आणि बुरशी वाळून बसलेली असते, बटन दाबलं की ती सरळ समोरच्याच्या तोंडावर. म्हणून जुनी ताटी, खसची असो की वूडवूलची, झटकून परत लावायची नाही, नवीन आणायची. हनीकोंबवाला कूलर असेल तर पॅड धुऊन उन्हात कडक वाळवा, टाकी घासा, तळाचा पांढरा थर खरवडून काढा, आणि पहिल्यांदा चालवायचा तो रविवारी, कोणी नसताना, खिडक्या सताड उघड्या ठेवून. मग सीझनभर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची, डेंग्यूच्या डासासाठीही हेच करावं लागते म्हणजे एका कामात दोन कामं. संध्याकाळी निघायच्या आधी पंप बंद करून नुसता पंखा थोडा वेळ चालू ठेवा, ताटी सुकते, वास मारत नाही. कूलर बाहेरची हवा आत ओढतो हेही विसरू नका, त्याच्या मागे सिमेंट रोडचं काम सुरू असेल किंवा रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजलं असेल तर ते सगळं आत येणार, तेव्हा जमत असेल तर खिडकीच बदला. एसी असेल तर जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, बाकी त्यात फार काही नाही.

आता माणसं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका, एकेकाला बाजूला घेऊन विचारा की कोणत्या महिन्यात त्रास होते, धुळीने होते की कूलरसमोर बसलं की होते, दमा आहे का, दम्याचा पंप (इनहेलर) जवळ ठेवता का. ताप नाही, नाकातून पातळ पाणी, डोळे-नाक खाजून राहिलंय आणि दहा दिवस होऊनही तेच सुरू आहे, तर ती बहुतेक साधी सर्दी नसते, त्याला "रोजचंच आहे याचं" म्हणून सोडून देऊ नका. त्याची खुर्ची कूलरच्या झोतातून आणि जुन्या फायलींच्या रॅकपासून हलवा, याला एक रुपया लागत नाही. झाडू कोरडा मारायचा नाही, लोकं यायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. आणि देवाजवळची उदबत्ती, रूम फ्रेशनर, उग्र फिनाइल यांच्यामुळे आधीच सुजलेलं नाक अजून चिडते, उदबत्ती बंद करा म्हणायला जीवावर येते हे मान्य, पण दिवा लावूनही पूजा होते.

गोळ्या ऑफिसने वाटायच्या नाहीत. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने बऱ्याच जणांना झोप येते, आणि बुटीबोरीत मशीनवर उभा असलेला किंवा वर्धा रोडवर गाडी चालवणारा माणूस पेंगला तर काय होईल ते सांगायला नको. कमी झोप आणणाऱ्या गोळ्याही मिळतात, त्या डॉक्टरने ठरवू द्या. स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे पूर्ण लागू पडायला काही दिवस घेतो, म्हणून ज्याला दरवर्षी ठरलेला त्रास आहे त्याने सीझनच्या आधीच डॉक्टरकडे जावं, त्यासाठी अर्धा दिवस सुट्टी सरळ द्या. आणि मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब आठवडेच्या आठवडे घालू नका, त्याने नाक उलटं जास्त बंद होते. दमेकऱ्याचा पंप कुठे असतो ते शेजारच्या दोघांना माहीत पाहिजे, आणि धाप लागून बोलताही येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर पंप देताना दुसऱ्याने लगेच 108 लावायचा.

पाऊस लागला की कूलर बंद म्हणजे बंद, थंड तर काही होत नाही, नुसती ओल वाढते आणि बुरशीला तेच पाहिजे. गाजरगवत फुलायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ आहे तेव्हाच मुळासकट उपटायचं, हातमोजे आणि मास्क घालून, आणि ज्याला अंगावर खाज-पुरळ येते त्याला या कामावर पाठवायचं नाही. दिवाळीची झाडझूड सुट्टीच्या दिवशी करा, शिंकणाऱ्यांना त्यातून वगळा.

दिवाळीनंतर कापूस सुरू होतो, तेव्हा जिनिंगवाल्यांनी एक गोष्ट वहीत लिहून ठेवायची: सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी कोणाची छाती आवळते. कापसाच्या धुळीचा फुप्फुसाचा आजार असाच सुरू होतो, सुट्टीत बरं वाटते आणि कामाच्या पहिल्या दिवशी परत धरते. असा माणूस दिसला तर त्याला शिंकांची गोळी नाही, छातीच्या डॉक्टरकडे तपासणी लागते, आणि रिपोर्ट येईपर्यंत धुळीपासून लांबचं काम, पगार न कापता.