ना देवी, ना चेटकीण: अद्भुतरम्य कादंबरीची नायिका लिहिताना या चुका टाळा

दर्यापूरकडच्या एका गावातल्या वाचनालयात दर रविवारी पाच-सहा पोरी आपापली कादंबरी घेऊन बसतात. कोणी वहीत लिहिते, कोणी मोबाइलवर. मी ती हस्तलिखितं वाचते. सगळ्यांना जादूची दुनिया हवी असते आणि नायिका हवी असते करडी, म्हणजे सरळ नसलेली: खोटं बोलणारी, वेळ आली तर दुसऱ्याचा घात करणारी, तरी वाचणाऱ्या पोरीला आपली वाटणारी. ही इच्छा रास्त आहे. पण बहुतेक जणी ठरावीक जागी अडतात.

नुकसान झालं, पण कोणाचं?

सगळ्यात मोठी चूक हीच. नायिका ‘निर्दयी’ आहे असं पानोपानी सांगितलेलं असतं; ती गावंच्या गावं जाळते, पण जळालेल्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला कळत नाही. अशी नायिका निर्दयी वाटत नाही, नुसती दूरची वाटते. आपल्या गावात तर कोणी कोणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला हे तीन पिढ्या लक्षात ठेवतात. वाईट कृत्याला इथे घर असतं, आडनाव असतं, आणि रोज सकाळी ते समोरून जातं.

एकीची कल्पना मला फार आवडली. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. अकोला, अमरावती, बुलढाण्यातली कितीतरी गावं यात येतात. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. तिची नायिका विहिरीत हात बुडवते आणि पाणी गोड होतं. पहिल्या खर्ड्यात ती सगळ्या गावाच्या विहिरी गोड करत सुटली होती आणि एका दुष्ट सावकाराशी लढत होती. म्हणजे देवीच झाली. मी तिला एवढंच विचारलं, मीठ जातं कुठे?

आठ दिवसांनी ती उत्तर घेऊन आली. मीठ नाहीसं होत नाही, सरकतं. नायिकेच्या विहिरीतलं मीठ शेजारच्या काकूच्या विहिरीत उतरतं. नायिकेला हरभऱ्याला एक पाणी द्यायचंय, कारण हरभरा विकून नर्सिंगच्या होस्टेलची फी भरायची आहे. मागणी केवढीशी! काकूला पाण्याची चव बदललेली कळते, पण हातचं पीक जाऊ नये म्हणून ती तेच पाणी देते. पुढचं सगळं आपल्या मातीला माहीत आहे. खाऱ्या पाण्यातला सोडियम काळ्या मातीत साचतो, माती चिकटून बसते, वरचं पाणी खाली मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकूळ फुटता फुटत नाही. जादूची किंमत अशी हळू वसूल झाली की नायिकेला प्रत्येक वेळी थांबायची संधी मिळते, आणि ती थांबत नाही. करडेपण त्या न थांबण्यात आहे.

तुमच्या नायिकेत ते उतरत नसेल तर एक करून पहा. जिचं नुकसान झालं तिच्या तोंडून तोच प्रसंग दोन पानं लिहा. कादंबरीत घालू नका. फक्त लिहा, मग नायिकेचं प्रकरण पुन्हा वाचा. कुठे खोटं आहे ते दिसतं.

दुःख म्हणजे माफीपत्र नव्हे

बापाची आत्महत्या. विदर्भातली कादंबरी म्हटलं की हा भूतकाळ आयता हाताशी येतो आणि नायिकेचा प्रत्येक गुन्हा त्याने धुवून निघतो. मला याचा मनापासून राग येतो. त्या घरांतल्या मुली माझ्यासमोर बसतात. त्या कोणाची विहीर खारवत नाहीत. दुःखाने माणूस काय करेल हे ठरत नाही. भूतकाळ ठेवायचाच असेल तर ठेवा, पण ज्या क्षणी ती चुकीचं निवडते तिथे त्याची आठवण काढू नका. त्या क्षणी तिला फक्त हवं असू द्या.

चेटकीण हा शब्द जपून

जादू करणारी बाई आणि गाव एकत्र आले की लिहिणारी सहज लिहून जाते, ‘लोकांनी तिला चेटकीण म्हणून हाकललं.’ हा आरोप खऱ्या बायांवर झालेला आहे. करणीच्या संशयावरून मारहाण झाली आहे, आणि म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तुमच्या नायिकेकडे खरोखर जादू असेल तर गाव बरोबर ठरतं, ही मोठी अडचण आहे. आमच्याकडे यावर तोडगा निघाला तो असा: आरोप नायिकेवर येतच नाही, येतो काकूवर. विहीर तिची बिघडली, म्हणजे तिच्यातच काहीतरी आहे, असं गाव म्हणतं. आणि नायिका ऐकून गप्प बसते.

तीच काळजी मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड देवदेवतांबद्दल घ्या. मंत्र हवा म्हणून त्यांचा देव उचलायचा नाही. स्वतःचा घडवा.

खलनायकच वऱ्हाडी का बोलतो?

नायिका पुस्तकी मराठीत आणि गुंड तेवढा ‘काहून बे’ म्हणतो, असे खर्डे दर महिन्याला येतात. ‘काहून वं, पानी गोड कसं लागून रायलं?’ हे नायिकेच्या आईने विचारलं तर अंगावर काटा येतो. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तरी चालेल, संवाद घरातले असू द्या. मात्र भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली वेगळी आहे, ती वऱ्हाडीत मिसळू नका. खात्री नसेल तर आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे थांबवेल तिथे चूक आहे.

बर्फ, पाइनची झाडं, सराया हेही काढून टाका. काळ मोजायला मृग आहे, पोळा आहे, कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी आहेत.

शेवटच्या वीस पानांत सुधारणा

नायिका एकदम पश्चात्ताप करते, मरते, किंवा लग्न होऊन सुखी होते. वाचणारी सोळा-सतरा वर्षांची असते, तिला फसवलेलं लगेच कळतं. कबुली द्यायची असेल तर ती अर्ध्यातच द्या, म्हणजे कबुलीनंतर जगायचं कसं हे लिहायला जागा उरते. आमच्या कादंबरीत ती काकूला खरं सांगते तेव्हा बरीच प्रकरणं बाकी आहेत. काकू काहीच बोलत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती नायिकेच्या विहिरीवर पाणी भरायला येते, रोज दोन घागरी, आणि नायिकेला रोज सकाळी दोर ओढून द्यावा लागतो.