सांगली-मिरजेत मालवाहू ई-रिक्षांच्या चार्जिंगची जागा ठरवण्याआधी

आधी आठवडाभर प्रत्येक ड्रायव्हरकडून वही भरून घ्या: गाडी कुठे उभी राहिली, किती वेळ, दिवसभरात किती किलोमीटर झाले. गाड्या रात्री जिथे मुक्कामाला असतात ती पहिली जागा. चार्जिंगसाठी मुद्दाम वळसा पडत असेल तर स्वस्त जागाही महागात जाते. १२ गाड्या रोज ४ किलोमीटर रिकाम्या धावल्या तर २६ दिवसांत १,२४८ किलोमीटर होतात.

मग विजेचा हिशेब. रोज ६० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला चार्जरमधली घट धरून साधारण ७ युनिट धरा, म्हणजे १२ गाड्यांना ८४. तीन किलोवॅटच्या चार्जरवर एका गाडीला अडीच तास लागतात; शेवटी वेग मंदावतो, म्हणून साडेतीन धरा. सगळ्या एकदम लावल्या तर ३६ किलोवॅट, सहा-सहाच्या दोन पाळ्या केल्या तर १८. थ्री-फेज जोडणीत वीज तीन वेगळ्या तारांतून (फेज) येते; पाळी लावताना प्रत्येक फेजवर दोनच गाड्या येतील असे सॉकेटवर आकडे टाका. एकाच फेजवर चार गेल्या की तिथलं व्होल्टेज पडतं, न्यूट्रल (परतीची तार) तापते आणि चार्जर अधूनमधून बंद पडतात. महावितरणकडे ई-वाहन चार्जिंगच्या दराचं स्वतंत्र मीटर मागा. गोडाऊनचे दिवे-पंखे त्यावर नकोत. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती अर्जाआधीच हातात हवी.

पण सांगलीत जागेचा निकाल पूर लावतो. कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. गावभाग, मारुती चौक, कापड पेठ, एसटी स्टँडचा परिसर इथे मुख्य स्टेशन नकोच, भाडं कितीही कमी असो. कुपवाड एमआयडीसी किंवा विश्रामबागेकडे पाहा, आणि तिथेही शेजारच्या भिंतींवरची २०१९ ची खूण विचारून घ्या. नुसतं आवार कोरडं असून भागत नाही. आपल्याला वीज देणारी डीपी (ट्रान्सफॉर्मरची पेटी) सखल भागात असेल तर पाणी चढल्यावर लाईन बंद करावीच लागते. कोणती डीपी, कोणता फीडर (सबस्टेशनवरून येणारी मुख्य लाईन), हे भागातल्या लाईनमनला विचारा. बहुतेक जण इथेच चुकतात. पेठेत दुपारच्या चार्जिंगची गरज असेल तर दोनच पॉइंट ठेवा, बोर्ड काढून नेता येईल असा. ४० फुटांचा इशारा आला की तो उतरवा आणि गाड्या हलवा. ४५ ची वाट पाहिली तर रस्ताच उरणार नाही.

गाडीमागे ४ बाय २ मीटर जागा, वर छप्पर. एप्रिल-मेमध्ये तापलेली गाडी उन्हातच लावली तर बॅटरी स्वतःच करंट कमी करते. बेदाण्याचे बॉक्स आणि बारदान चार्जरपासून लांब. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि मोजून घेतलेलं अर्थिंग हवं. घरगुती सॉकेट तासन्‌तास १३-१४ अँपिअर सोसत नाही, वितळतं. इंडस्ट्रियल सॉकेटच लावा.

पहिल्या रात्री सहा गाड्या लावून तासाभराने क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजणारं यंत्र) धरा: प्रत्येक फेजवर २६ अँपिअरच्या आसपास यायला हवेत. प्लग हाताला चटका देत असेल तर स्क्रू सैल आहे किंवा केबल बारीक. तो पॉइंट तिथल्या तिथे बंद करा.