गाठी मोजू नका, कापून बघा

सोयाबीनचं रोप उपटायचं नसतं, हे मला पीएच.डी.च्या पहिल्या खरिपात हिंगोलीकडच्या एका शेतकरी काकांनी शिकवलं. मी बुडख्याला धरून ओढलं, रोप हातात आलं, मुळांवर पाच गाठी दिसल्या आणि मी वहीत पाच हा आकडा लिहूनही टाकला. काका बांधावरून म्हणाले, "पोरी, उपटू नको गं. खांदून काढ. गाठी मातीतच राहतेत." त्यांनी कुदळीनं वीतभर लांबून माती सैल केली आणि अख्खं ढेकूळ बादलीतल्या पाण्यात भिजत ठेवलं. माती सुटल्यावर त्याच ओळीतल्या शेजारच्या रोपावर मी तेवीस गाठी मोजल्या.

सूक्ष्मजीव आणि त्यांचे यजमान यांच्या नात्यावर काम करायचं म्हणणारी मुलं-मुली मला आता अधूनमधून भेटतात. बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र झालेलं असतं, आतड्यातल्या जिवाणूंबद्दल काहीतरी वाचलेलं असतं आणि पहिला प्रश्न असतो सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, कुठे शिकायला मिळेल. मी त्यांना आधी एखादं कडधान्याचं किंवा सोयाबीनचं रोप खणून काढायला सांगते. माणसाच्या आतड्यातलं नातं डोळ्यांना दिसत नाही. मुळावरच्या गाठीत ते तुमच्या तळहातावर असतं, नखानं उघडता येतं.

आत चालतं ते असं. हवेत नत्र ७८ टक्के आहे, पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. द्विदल पिकांच्या गाठींचा नत्राशी संबंध आहे हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ साली मांडलं आणि हॉलंडच्या बायेरिंकनं १८८८ साली गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला. सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डेडझीन अशी रसायनं मातीत सोडतं. ती ओळखणारा ब्रॅडीरायझोबियम जिवाणू उलट स्वतःचं एक रसायन सोडतो, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. ते पोचलं की मूलरोम, म्हणजे मुळावरचा बारीक केस, वळतं, जिवाणूला कवेत घेतं, आत एक बारीक नळी तयार होते आणि तिच्यातून जिवाणू मुळाच्या पेशींपर्यंत उतरतो. मग गाठ धरते.

खरी अडचण पुढे आहे. नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूनं बिघडतं आणि जिवाणूला तर श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो. यातून वाट काढणारा पदार्थ झाडाच्या पेशी बनवतात. तो लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातेवाईक. तो प्राणवायू धरून ठेवतो आणि लागेल तेवढाच पोचवतो. म्हणून काम करणारी गाठ आतून गुलाबी, कधी चक्क रक्तासारखी लाल दिसते. पांढरी असेल तर एकतर कोवळी आहे किंवा नुसती बसून खाते आहे. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपत आलंय.

हे सगळं मला एम.एस्सी.लाच पाठ होतं. तरीही पहिलं वर्षभर मी गाठी फक्त मोजल्या. मोजायला सोपं जातं, तक्ता भरतो, सरासरी काढता येते. अकरा शेतांत सर्वांत जास्त गाठी ज्या शेतात होत्या तिथली पानं पिवळी होती आणि मी तो सगळा फरक खतावर ढकलून मोकळी झाले. दुसऱ्या वर्षी माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, "कापून पाहिल्यास का?" नव्हत्या पाहिल्या. त्या शेतातून पुन्हा रोपं आणली. बारीक बारीक, उपमुळांवर विखुरलेल्या, ब्लेडनं कापल्यावर आतून पांढऱ्या गाठी. शेजारच्या शेतात रोपामागे जेमतेम पंधरा, पण सोटमुळाच्या वरच्या भागात घट्ट बसलेल्या, टपोऱ्या आणि आतून लाल. माझ्या पहिल्या वर्षाच्या तक्त्यात पहिलं शेत पहिल्या नंबरावर होतं.

या विषयातला जो एक धडा मी नव्या माणसाच्या हातात सर्वांत आधी देईन, तो हाच. इथे कोण आहे आणि ते काय करतंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर हाती आलं की दुसऱ्याचंही आलं असं वाटायला लागतं. आतड्यातल्या जिवाणूंवर काम करा, प्रवाळांवर करा, लोणारच्या खाऱ्या पाण्यात करा, ही चूक तिथे तुमची वाट बघत असते.

झाडाला मात्र हा फरक कळतो. २००३ साली टोबी कियर्स ही संशोधक आणि तिच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवर एक प्रयोग केला, तो मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्या जागी आर्गॉन वायू भरला. प्राणवायू होता तेवढाच ठेवला. जिवाणू तोच, त्याची क्षमता तीच, फक्त फोडायला नत्रच नाही. अशा गाठींतल्या जिवाणूंची वाढ खुंटली आणि त्या गाठींचा प्राणवायूचा पुरवठा झाडानंच आवळला असावा अशी चिन्हं मिळाली. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, सोळा रेणू लागतात आणि त्यासाठीची साखर शेवटी पानांनी बनवलेली असते. एवढा खर्च करणारं झाड हिशोब ठेवणारच.

आणि हा हिशोब जमिनीनुसार बदलतो. युरियाचा हात सढळ असेल तर मातीतला नायट्रेट वाढतो आणि झाड गाठीच कमी धरतं, विकतचं मिळतंय तर घरी कशाला करा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लेगहिमोग्लोबिन आणि नायट्रोजिनेज या दोघांनाही लोह लागतं. पाणी साचलं की गाठीचा श्वास कोंडतो. म्हणजे एकाच जिवाणूला एका शेतात मित्र म्हणावं आणि दुसऱ्या शेतात नुसता भाडेकरू, अशी वेळ येते. म्हणून नमुन्याच्या पिशवीवर नुसता क्रमांक टाकून चालत नाही. आधीचं पीक कोणतं, शेणखत कधी घातलं, पेरणीच्या वेळी डीएपी किती टाकलं, बियाण्याला काय चोळलं, पाऊस कधी उघडला, माती पायाला चिकटत होती का, हे तिथेच बांधावर बसून लिहा. शेतकऱ्याला घाईत विचारू नका. चहा होतो, तेव्हा खरी माहिती निघते. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात उपयोगी प्रकरण त्या वहीतून आलं.

आता प्रयोगशाळा. गाठीच्या आत काय आहे हे बघायचं तर बाहेरचं सगळं मारावं लागतं. गाठ थोड्या मुळासकट कापायची, अल्कोहोलमध्ये काही सेकंद, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन-चार मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यात पाच-सहा वेळा धुणं. शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर पसरवायचंच. त्या प्लेटवर काही उगवलं तर बाहेरची घाण अजून शिल्लक आहे आणि पुढचं सगळं संशयास्पद आहे. गाठ चुरडून यीस्ट अर्क, मॅनिटॉल आणि काँगो रेड घातलेल्या माध्यमावर २८ अंशाला ठेवायची. रायझोबियम गटातले, म्हणजे ब्रॅडीरायझोबियमसारखे गाठी धरणारे जिवाणू तो लाल रंग सहसा शोषत नाहीत, त्यांच्या वसाहती पांढुरक्या, चिकट येतात.

माझे चार महिने इथे गेले. दुसऱ्याच दिवशी सुंदर पांढऱ्या वसाहती आल्या, मी त्या उचलल्या, शुद्ध केल्या, ग्लिसरॉलमध्ये गोठवल्या. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम संथ असतो, त्याला दिसायला आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी येणारं काहीतरी वेगळं असणार, हे ठाऊक असून मी थांबले नाही. ते बॅसिलस नावाचे दुसरेच जिवाणू निघाले. गाठीत त्यांचंही बिऱ्हाड असतं, तो स्वतंत्र आणि चांगला विषय आहे, पण माझा प्रश्न तो नव्हता. माध्यमात ब्रोमोथायमॉल ब्लू हा आम्लता दाखवणारा रंग घातला असता तरी कळलं असतं. झपाट्यानं वाढणारे रायझोबियम माध्यम आम्लधर्मी करतात आणि ते पिवळं पडतं, ब्रॅडीरायझोबियमच्या प्लेटला निळी झाक येते. आणि अखेरचा निवाडा झाडच देतं. निर्जंतुक वाळूत, नत्र नसलेल्या द्रावणावर रोप वाढवायचं, जिवाणू द्यायचा आणि गाठ धरते का, ती लाल आहे का, हे बघायचं. सोबत जिवाणू न दिलेली रोपं ठेवायची. त्यांनाही गाठी आल्या तर प्रयोग फेकून द्यायचा. मला दोनदा फेकावा लागला. वाईट वाटतं, पण फेकावा.

सिक्वेन्सिंगही शिकाच, मी त्याच्या विरोधात नाही. कार्ल वूजनं १९७७ मध्ये जिवाणूंच्या पेशीतल्या ज्या १६ एस आरएनए रेणूच्या आधारानं जीवसृष्टीची तिसरी शाखा, आर्किया, दाखवून दिली, त्याच्याच जनुकाच्या एका तुकड्यावरून आज आपण मातीतली हजारो नावं एका झटक्यात काढतो. पण तीन गोष्टी मनात ठेवा. मुळाच्या आतला नमुना असेल तर यादीत झाडाचीच हरितलवकं आणि तंतुकणिका भरभरून येतात, कारण त्यांचा उगमच जिवाणूंतला. दुसरं, डीएनए काढायच्या किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो. म्हणून माती न घालता काढलेला रिकामा नमुना शेवटपर्यंत बरोबर न्यायचा. कमी जिवाणू असलेल्या नमुन्यात हे केलं नाही तर किटचंच वर्णन छापून बसाल. तिसरं, एका शेतातली दहा रोपं म्हणजे दहा शेतं नव्हेत. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर आर ही भाषा शिकायला पहिल्याच वर्षी बसा. नमुने गोळा करायच्या आधी, नंतर नाही.

ब्रॅडीरायझोबियमच्या बाबतीत १६ एस जवळजवळ मुकं असतं. वेगवेगळ्या जातींत ते इतकं सारखं असतं की रेक-ए, नॉड-सी, निफ-एच अशी दुसरी जनुकं वाचावी लागतात. जी जनुकं गाठ धरायला लागतात, ती जिवाणूच्या नावाला बांधलेलीही नसतात. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चारापिकाला एकच जिवाणू लावला होता. सात वर्षांनी त्या शेतातल्या गाठींत तऱ्हेतऱ्हेचे मेसोरायझोबियम सापडले, सगळ्यांकडे लावलेल्या जिवाणूचीच गाठीची जनुकं. मातीतल्या रहिवाशांनी डीएनएच्या सुमारे पाच लाख अक्षरांचा तो अख्खा तुकडा उचलून घेतला होता. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी विद्यावेतन मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा, पार केली असेल तर दारं लवकर उघडतात. २०२३ पासून जेआरएफचं विद्यावेतन महिना ३७,००० रुपये आहे. ते वेळेवर हातात पडेल असं धरून घरभाड्याचा करार करू नका, सहा महिन्यांची तरतूद ठेवा. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे सूक्ष्मजीवांबरोबर सोयाबीनच्या वाणांवरही काम चालतं. राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र (एनसीएमआर) आहे, जिथे जिवाणूंचा प्रचंड साठा जपलेला आहे. परभणीसारखी कृषी विद्यापीठं विसरू नका. विज्ञान शाखेची मुलं तिकडे वळतच नाहीत आणि शेताशी थेट नातं तिथेच असतं. मार्गदर्शकांना पत्र लिहाल तेव्हा "मला सूक्ष्मजीवांची आवड आहे" यानं सुरुवात करू नका. त्यांचा एक शोधनिबंध नीट वाचा आणि त्यातला न सुटलेला एक प्रश्न विचारा. मराठी माध्यमातून आलात म्हणून पत्र पाठवायचं टाळू नका. मीही तिथूनच आले.

शेवटच्या वर्षी काकांनी विचारलं ते कुठल्याच तोंडी परीक्षेत कुणी विचारलं नाही. "मग पाकीट लावू का नको?" पाकीट म्हणजे रायझोबियमचं, २५० ग्रॅमचं, दहा किलो बियाण्याला गुळाच्या पाण्यातून चोळायचं, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. ब्राझीलनं याच वाटेनं नत्रखताशिवाय सोयाबीन उभं केलं. तिथल्या शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांनी ती वाट घातली आणि त्याच वाटेवर आयुष्य घालवलेल्या मारियांजेला उंग्रिया यांना २०२५ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. पण जिथे वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथल्या मातीत जुने रहिवासी दबा धरून असतात आणि पाकिटातला जिवाणू कितीही गुणी असला तरी गाठीत जागा पटकावण्यात मागे पडतो. काकांच्या शेतातही तसंच दिसलं. लावलेल्या पट्ट्यातल्या थोड्याच गाठी पाकिटातल्या जिवाणूच्या होत्या.

मी त्यांना सांगितलं, नव्या रानात, जिथे सोयाबीन कधी घेतलंच नाही तिथे लावाच. बाकी रानात चाळिसाव्या दिवशी पाच रोपं खणा आणि गाठी कापून बघा. लाल असतील तर तिथले जुनेच काम करताहेत.

ते आता दरवर्षी बघतात, अंगठ्याच्या नखानं. यंदा ऑगस्टमध्ये फोन आला, "पाच खांदली. चारात लाल हाय. एक पांढरं. ते वढ्याकडचं." ओढ्याकडचा तो कोपरा पावसात चार-चार दिवस पाण्याखाली असतो. बादली आणि कुदळ काकांकडे आहेच. नळ्या, सिलिका जेल आणि वही घेऊन मी शनिवारी निघते आहे.