बस्ता बांधायला निघालात? अंगाला शोभतील असे कपडे घेताना या चुका टाळा

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली की जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर पाय ठेवायला जागा नसते, नंदुरबार-नवापूरकडचे लोक तर ताप्ती लाइनची गाडी पकडून बस्त्यासाठी थेट सुरत गाठतात. सगळ्या घराचे कपडे एका दिवसात उरकायचे असतात, त्यामुळे कोणाच्या अंगाला काय शोभेल हा विचार मागे पडतो, रंग आवडला, भाव पटला, बांधा. मग लग्नाच्या दिवशी काकू दिवसभर ब्लाउज खाली ओढत असतात, ताई पोटावर ओढणी धरून फोटोला उभी राहते आणि दोघीही म्हणतात, माझं अंगच असं, मला काही चांगलं दिसत नाही. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा चूक अंगात नसतेच, ती मुंढ्यात (बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईत) असते, कापडात असते नाहीतर लांबीत असते, आणि ती दुरुस्त करता येते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "जाड आहेस ना, मग काळं घे." आपल्याकडे लग्नं ऐन मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर गेलेला, त्यात काळा सिंथेटिक ड्रेस म्हणजे दुपारच्या मुहूर्ताला जीव नकोसा होतो. आणि काळं कापड चमकदार सॅटिनचं असेल तर प्रत्येक वळीवर उजेड पडतो, म्हणजे लपवायचं तेच उठून दिसतं. अंग बारीक दिसण्यात रंगापेक्षा कापड मॅट आहे का आणि ते सरळ खाली पडतं का याचा हात जास्त असतो. रंगाचं करायचंच असेल तर वरखाली एकच रंग घ्या, कुर्ता आणि पँट दोन्ही बॉटल ग्रीन किंवा दोन्ही फिकट पिस्ता, नजर मधे अडत नाही आणि उंची वाढल्यासारखी वाटते.

कापडावर जरा थांबूया, कारण निम्मी गडबड इथेच होते. कंबरेखाली भरलेलं अंग असेल आणि तुम्ही कडक खळ केलेली कॉटन साडी किंवा ऑर्गॅंझा नेसलात तर निऱ्या फुगतात, घेर होता त्याहून मोठा दिसतो. तिथे क्रेप, जॉर्जेट, मऊ सिल्क किंवा दोनचार धुण्यांत मऊ झालेलं कॉटन बरं. याच्या उलट सडपातळ मुलीला अंगाला चिकटणारं शिफॉन दिलं तर ती आणखी वाळलेली दिसते, तिला टसर, ऑर्गॅंझा, खळीचं कॉटन भरावदार दिसतं. सुरतेहून येणारा माल बहुतेक पॉलिस्टरचा असतो, दिसायला झकास, पण घाम शोषत नाही आणि अंगाला चिकटला की पोट, पाठ सगळं उठून दिसतं. म्हणून वरचं कापड काहीही असू द्या, अस्तर मात्र कॉटनचं किंवा मलमलचंच लावा असं टेलरताईंना ठणकावून सांगा, कारण न सांगता दिलं तर बरेचदा आत स्वस्तातलं सिंथेटिक अस्तर लागतं. आणि कॉटन शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, अस्तरसुद्धा. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि नीट बसलेला ब्लाउज काचायला लागतो.

लेबलवरच्या साइजवर विश्वास ठेवणं ही पुढची चूक. बहुतेक कुर्त्यांमधे एल म्हणजे ४० आणि एक्सएल म्हणजे ४२ इंच छाती, पण हा आकडा एका कंपनीत अंगाचा असतो आणि दुसरीत शिवलेल्या कपड्याचा, त्यामुळे तीच बाई एका दुकानात एल आणि दुसऱ्यात डबल एक्सएल निघते. त्यावरून मन खट्टू करून घेण्यात काही अर्थ नाही आणि हट्टाने लहान साइज घेण्यात तर अजिबातच नाही. टेपने छाती, पोट आणि सीट (कंबरेखालचा सगळ्यात रुंद घेर) अशी तीन मापं घ्या, मोबाइलमधे लिहून ठेवा. साध्या सरळ कुर्त्याला अंगाच्या मापापेक्षा २-३ इंच ढिलाई लागते. तीन मापांपैकी जे सगळ्यात भरलेलं असेल ते बसेल अशी साइज घ्या आणि बाकीचं आत घालून घ्या, कारण मोठा कपडा लहान होतो, पण आत माया (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) नसेल तर लहान कपड्याचं काहीच करता येत नाही.

आता कुर्ता. पोटावर आडव्या सुरकुत्या पडतात, बसून उठलं की मागचा भाग वर चढलेला, आणि आपण म्हणतो पोट सुटलंय. जरा आरशात बाजूने बघा, साइडचा कट कुठून सुरू होतोय? तो सीटच्या सगळ्यात रुंद भागाच्याही खाली असेल तर कापड तिथे ताणतं आणि जागा शोधत वर सरकतं, त्याच्याच त्या सुरकुत्या. कट इंच-दीड इंच वर उसवून घेतला की तोच कुर्ता सरळ पडतो, टेलरचं दहा मिनिटांचं काम. पण फार वर गेला तर चालताना पोटाची बाजू दिसते, म्हणून आधी टाचणी लावून बघा मगच उसवा. पोट भरलेलं असेल त्यांनी कंबरेत आवळलेला अनारकली घेऊ नये, छातीच्या खाली जिथे अंग सगळ्यात बारीक असतं तिथून घेर सुटणारा घ्यावा. आणि तिथेच मोठा पट्टा, गोंडे, बटणं असलं काही नको.

ब्लाउजचं दुखणं जवळजवळ प्रत्येक घरात असतं. हात वर केला की अख्खा ब्लाउज वर येतो, मग आपण टेलरला सांगतो मुंढा अजून मोकळा करा, आणि तिथेच काम बिघडतं. मुंढा जितका खोल तितका हातासोबत ब्लाउज वर ओढला जातो आणि काखेत झोळ येतो तो वेगळाच. मुंढा काखेच्या जवळ हवा, ढिलाई बाहीच्या घेरात द्यायची. हुकांमधे फट पडत असेल तर छातीला टक्स (आकारासाठी घातलेल्या चुण्या) कमी पडतायत, भरलेल्या छातीला प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) किंवा कटोरी (वाटीसारखा वेगळा जोडलेला भाग) चांगली बसते. माप देताना जी ब्रा लग्नात घालणार तीच घालून जा, ढगळ कुर्त्यावरून माप देऊ नका, आणि जुना ब्लाउज मापाला दिला तर त्यात जे खुपत होतं ते तोंडाने सांगा, नाहीतर तेच पुन्हा शिवून येतं. बाहीची खालची कड दंडाच्या सगळ्यात जाड भागावर आली की दंड हमखास मोठा दिसतो, ती कोपराच्या जरा वर उतरवा.

हाच नियम कुर्त्याच्या लांबीलाही लागतो, मांडी जिथे सगळ्यात भरलेली तिथे कुर्ता संपू नये, गुडघ्याखाली जाऊ द्या. उंची कमी असेल तर हातभर रुंद काठाची साडी घेताना विचार करा, तो काठ पायाकडची बरीच उंची खाऊन टाकतो, दोन-तीन इंचांचा काठ आणि पिनअप केलेला पदर जास्त शोभतो. साडी नेसताना चप्पल आधी घाला, नंतर घातली की साडी वर राहते.

पुरुषांचं थोडक्यात: शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी, दंडावर उतरली की माणूस मावशीने आणलेला शर्ट घालून आल्यासारखा दिसतो. पोट असेल तर पँट पोटाखाली घसरू देऊ नका, बेंबीजवळ घाला, आणि चापून बसणारा शर्ट सोडून सरळ कटचा घ्या.

दुकानात फक्त उभं राहून आरशात बघू नका. खाली बसा, हात वर करा, दोन पावलं चाला आणि सोबतच्या माणसाला समोरून, बाजूने, मागून फोटो काढायला सांगा, मोबाइल कंबरेच्या उंचीवर धरून, कारण वरून काढलेला फोटो पाय आखूड दाखवतो. दुकानदार "भारी दिसी राहिनी वं माय" म्हणणारच, पण मागच्या बाजूचा फोटो खरं सांगतो.

आणि शिवायला निदान महिनाभर आधी टाका. आखाजीच्या तोंडावर टेलर नवीन कपडे घेतच नाहीत, घेतले तर ट्रायल देत नाहीत, आणि ट्रायलशिवाय वर सांगितलेलं एकही काम होत नाही. कपडा हातात आला की दुकानातच आतून उलटा करून बघा, दोन्ही बाजूंना इंचभर माया आहे ना, नसेल तर तिथेच सांगा.