थंडरबोल्ट सतत पडतंय? जड फायटरच्या या चुका टाळा

वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर छोट्या मॉडेलांनी खेळायचा युद्धखेळ खेळणाऱ्यांना थंडरबोल्टची ओळख करून द्यायची गरज नाही. खेळाच्या कथेतल्या मानवी साम्राज्याच्या आरमाराचं, म्हणजे इम्पिरियल नेव्हीचं, हे जड फायटर विमान. वैमानिक एकच, नाकात चार ऑटोकॅनन, जोडीला दोन लासकॅनन (लेझर तोफा) आणि पंखांखाली बॉम्ब किंवा मिसाइल टांगायची सोय. याचं धाकटं भावंड म्हणजे लाइटनिंग: हलकं, जास्त वेगवान, जास्त चपळ. नवा खेळाडू पैसे थंडरबोल्टवर घालतो आणि अपेक्षा लाइटनिंगची ठेवतो. मग 'पंख लोंबतोय', 'स्टँडवरून पडतंय', 'दुसऱ्याच फेरीत ऑर्कांनी (खेळातल्या परग्रही शत्रूंनी) पाडलं' अशा तक्रारी सुरू होतात. माझ्या मते यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे. विमान जड आहे हे लोक गोंद लावताना विसरतात आणि खेळतानाही विसरतात.

आधी हातात काय आहे ते बघा

थंडरबोल्ट तीन प्रकारांत दिसतं. फोर्ज वर्ल्ड या ब्रँडचं मोठं रेझिनचं, पायदळाच्या मूर्तींच्या मापाचं. 'एरोनॉटिका इम्पेरियालिस' या हवाई लढाईच्या खेळाच्या २०१९च्या आवृत्तीबरोबर आलेलं छोटं प्लास्टिकचं. आणि तिसरं, आपल्याकडे सर्रास दिसणारं, कुणाच्या तरी थ्रीडी प्रिंटरमधून निघालेलं. बाहेरून मागवायचं म्हणजे कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च किटच्या किमतीला जाऊन भिडतो, त्यामुळे प्रिंट घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण तिन्हींचे आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी.

प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट लागतं. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. रेझिनवर त्याचा शून्य परिणाम होतो. रात्रभर वाळत ठेवलेला पंख सकाळी हातात येतो. रेझिनला आणि प्रिंटला फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो, आणि जिथे भार येतो तिथे दोन भागांचा इपॉक्सी, म्हणजे आपलं अ‍ॅराल्डाइट.

रेझिनच्या भागांवर साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर असतो. तो न धुता रंग मारला तर प्रायमर सालीसारखा निघतो. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश, आणि नंतर पूर्ण वाळवणं. एवढंच काम, पण सगळ्यात जास्त लोक टाळतात ते हेच.

प्रिंट घेतली असेल तर ती पोकळ आहे का ते विचारा. पोकळ असेल तर आत न सुकलेलं रेझिन साचू नये म्हणून खाली भोकं ठेवलेली असावी लागतात. भोकं नसतील तर आतलं रेझिन हळूहळू दाब देतं आणि काही महिन्यांनी, रंग-बिंग सगळं झाल्यावर, पोटाला तडा जाऊन चिकट द्रव बाहेर येतो. त्यावर वरून कितीही एम-सील थापा, उपयोग नाही. भोक पाडायचं, अल्कोहोलनं आतून धुवायचं, नीट सुकवायचं, मग बुजवायचं. आणि लवकर पक्कं व्हावं म्हणून प्रिंट दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवू नका, ठिसूळ होते.

ग्वाल्हेरचं हवामान

परदेशी व्हिडिओ बघून रंगवायला बसलेले इथे फसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपाशी आणि दुपारी लू. अशात स्प्रे कॅनमधला प्रायमर मॉडेलवर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि पंखावर रवा सांडल्यासारखा खरखरीत थर बसतो. लोक त्यावर आणखी एक थर मारतात आणि पॅनेलच्या रेषा बुजवून टाकतात. उपाय: पहाटे मारा, कॅन जरा जवळून धरा, हात चालता ठेवा. खरखर आलीच असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवा. ओलाच फिरवा, तोंडाला मास्क लावून. रेझिनची पूड फुप्फुसात जाणं चांगलं नाही. ब्रशवर अ‍ॅक्रिलिक सुकत असेल तर डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्यावर काढा.

श्रावण-भाद्रपदात उलट. हवेत ओल असली की वॉर्निशवर पांढरट धुकं बसतं. पाऊस पडत असताना वॉर्निश मारूच नये. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात कॅन गारठतो, दाब कमी पडतो आणि रंग थुंकल्यासारखा उडतो. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की ठीक होतो. गॅसवर किंवा हीटरपाशी कधीही नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गटात एक कॉलेजचा मुलगा वाकलेला पंख घेऊन आला होता.

"काका, हा सरळच होत नाही हो."

"उन्हात ठेवला होतास?"

"नाही, गाडीतच राहिला. बाड्याच्या बाजारात जरा काम होतं, तासाभराचं."

तासाभरात बंद गाडी पुरेशी तापते. वाकलेल्या रेझिनला गरम पाणीच सरळ करतं. उकळतं नको, हात घालवणार नाही इतपत. मिनिटभर बुडवायचा, सपाट काचेवर दाबून धरायचा, तसाच गार पाण्यात न्यायचा. एका खेपेत झालं नाही तर पुन्हा. कोरडं वाकवायला गेलात तर मोडतो. मुलाचा पंख नीट झाला; शेपटीचा एक तुकडा मात्र त्यानं आधीच कोरडा वाकवला होता.

पंख आणि स्टँड

मोठ्या थंडरबोल्टचे पंख नुसत्या गोंदावर राहतील ही आशा सोडा. पंखाच्या मुळाशी आणि धडात समोरासमोर भोकं पाडून आत पितळी तार किंवा जाड यू-पिन घालावी लागते. भोकं जुळत नाहीत ही नेहमीची अडचण. एका बाजूला भोक पाडा, त्याच्या तोंडावर ओल्या रंगाचा ठिपका द्या, दोन्ही भाग टेकवा. ठिपका उमटेल तिथे दुसरं भोक. इपॉक्सी लावल्यावर पंखांखाली दोन्हीकडे सारख्या उंचीचा आधार द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

स्टँडचं भोक पोटाच्या बरोबर मध्यावर पाडणं ही दुसरी चूक. मध्य मोजपट्टीनं नाही, तोलानं काढायचा. विमान पूर्ण जोडून, पंखाखालची शस्त्रं टांगून, एका बोटावर तोलून बघा. स्थिर राहील तो बिंदू. रंगवायच्या आधीच हे करून घ्या. सोबत आलेली अ‍ॅक्रिलिकची काडी मोठ्या मॉडेलला पुरत नाही, उन्हाळ्यात ती वाकतेही. तीन मिलिमीटरची स्टीलची सळई घ्या, आणि स्टँडच्या पाटाखाली हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर चिकटवून तळ जड करा.

छोट्या प्लास्टिक थंडरबोल्टचा त्रास वेगळा. त्याच्या पारदर्शक पाटात वेग आणि उंची दाखवणाऱ्या फिरत्या चकत्या असतात. जोडताना सिमेंटचा एक थेंब आत घरंगळला की चकती कायमची एका आकड्यावर. सिमेंट बाटलीतून थेट ओतू नका, काडीच्या टोकानं लावा. आणि पारदर्शक प्लास्टिकवर ते सांडलं तर डाग निघत नाही.

कॉकपिटच्या काचेला फेविक्विक लावणारे महाभाग दर वर्षी भेटतात. त्याची वाफ काचेच्या आतून पांढरी बसते आणि वैमानिक मोतीबिंदू झाल्यासारखा दिसतो. काच साध्या फेविकॉलनं लावा, वाळल्यावर पारदर्शक होतो.

पंखाखालची बॉम्ब-मिसाइलं चिकटवू नका, दोन मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक बसवा. कधी बॉम्ब लागतात, कधी हवेतल्या मारामारीसाठी मिसाइल. चुंबक बसवण्याआधी प्रत्येकाच्या एकाच तोंडावर मार्करनं खूण करा. उलटा बसलेला चुंबक काढायचा म्हणजे पंख पोखरणं आलं.

रंग

बाड्यापासून महाराजपुऱ्याचा हवाई तळ फार लांब नाही, तिथली मिराज २००० डोक्यावरून जाताना इथली पोरं लहानपणापासून बघतात, आणि मग थंडरबोल्टही मिराजच्या करड्या रंगात रंगवतात. दिसायला छानच दिसतं, माझी हरकत नाही. पण पायदळाच्या रेजिमेंटचं चिन्ह शेपटीवर लावणं मात्र कथेच्या हिशोबानं चूक. होरस हेरेसी या कथेतल्या मोठ्या बंडानंतर साम्राज्यानं सैन्य आणि आरमार वेगळं केलं, म्हणजे कुणा एका बंडखोर सेनापतीच्या हाती दोन्ही लागू नयेत. थंडरबोल्ट नेव्हीचं आहे, अ‍ॅस्ट्रा मिलिटारमचं, म्हणजे जमिनीवरच्या सैन्याचं, नाही. हेरेसीच्या काळातली लढाई मांडत असाल, २०२३ मध्ये आलेल्या 'लीजन्स इम्पेरियालिस' या खेळातल्यासारखी, तर गोष्ट वेगळी.

आता उडवताना

इथे खरी मजा आहे आणि खरी वाताहतही.

जड फायटरचा प्रश्न वॉरहॅमरनं शोधलेला नाही. १९४०च्या उन्हाळ्यात जर्मनांचं दोन इंजिनांचं मेसरश्मिट ११० इंग्लंडवर आलं, तेव्हा स्पिटफायर-हरिकेनसमोर वळणावळणाच्या लढाईत ते इतकं उघडं पडलं की त्यालाच दुसऱ्या फायटरांची सोबत द्यावी लागली. उलट अमेरिकेचं पी-४७, ज्याचं नावही थंडरबोल्टच, आठ मशीनगनांचं धूड. ते वळण्यात हरायचं, पण वरून सूर मारताना त्याला गाठणं कठीण. ब्रिटिशांनीही ते १९४४-४५ मध्ये बर्माच्या आघाडीवर वापरलं. टेबलावरच्या थंडरबोल्टलाही याच चालीनं खेळवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑर्कांच्या डक्काजेट विमानाच्या मागे वळत राहणं. 'एरोनॉटिका'मध्ये प्रत्येक फेरीची युक्ती आधीच लपवून निवडावी लागते आणि विमानाला झेपतील तेवढ्याच युक्त्या वापरता येतात. चपळ विमानाच्या निवडी जास्त, तुमच्या कमी. म्हणजे वळणाच्या खेळात समोरचा तुमचा डाव ओळखतो, तुम्हाला त्याचा ओळखता येत नाही. त्याऐवजी सरळ समोरून जा. नाकातल्या ऑटोकॅननना भरपूर फासे मिळतात; समोरासमोरच्या माऱ्यात डक्काजेट पातळ आहे, तुम्ही जाड आहात. मारा, आणि वळू नका. पुढे निघून जा, उंची घ्या, अंतर पडल्यावर मगच परता.

उंचीचा हिशोब बँकेतल्या ठेवीसारखा आहे. वर चढताना वेग खर्च होतो, खाली येताना तो परत मिळतो. नवखे खेळाडू पहिल्याच फेरीत खाली झेपावून ठेव मोडतात आणि मग वेगही नाही, उंचीही नाही अशा जागी अडकतात. दुसरं टोकही आहे: चढत चढत वेग किमान मर्यादेखाली नेला की विमान स्टॉल होतं, म्हणजे हवेत टिकत नाही. चढण्याआधी चकतीवरचा आकडा बघायची सवय लावा. शिवाय दोन विमानांच्या उंचीत फरक पडला की नेम धरणं अवघड होतं, फरक फार असेल तर गोळीच झाडता येत नाही. म्हणजे पाठलाग सोडवायचा असेल तर वळण्यापेक्षा उंची बदलणं बरं.

लासकॅनन जवळ वापरायला जपून ठेवणं हीसुद्धा हमखास दिसणारी चूक. लांबून झाडा. फासे कमी, पण लागला तर घाव मोठा. मोठ्या बॉम्बरसाठी तेच हवं.

बॉम्ब लावून खाली जाणाऱ्यांसाठी एक खरी घटना. कारगिलच्या युद्धात, मे १९९९च्या अखेरीस, लागोपाठ दोन दिवसांत खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांनी आपलं मिग-२१ आणि एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. त्यानंतर ग्वाल्हेरच्या मिराज २००० नी त्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, उंचावर राहून काम केलं. २४ जूनला टायगर हिलवर लेझरनं मार्ग दाखवलेले बॉम्ब पडले ते तसेच. खेळात तुमच्याकडे तसे बॉम्ब नाहीत, खाली जावंच लागतं. म्हणून आधी विमानविरोधी तोफा कुठे आहेत ते बघा, दुसरं विमान पुढे घालून त्या मोडा, आणि बॉम्ब टाकलेलं थंडरबोल्ट दुसऱ्या फेऱ्यासाठी त्याच वाटेनं परत आणू नका. आमच्याकडे ज्याचं त्याचं विमान पडतं ते परतीच्या त्याच वाटेवर.

विमानं एकेक करून आलटून-पालटून हलवायची असतात, त्यामुळे उशिरा हलणारं विमान फायद्यात. ज्या थंडरबोल्टला मारायचं आहे ते शेवटी ठेवा. दुसरं आधी हलवा, थोडं मोहात पाडेल अशा जागी. आणि जोडी तुटू देऊ नका. एकटं पडलेलं जड फायटर म्हणजे ऑर्क खेळाडूसाठी सणच.

खेळून झाल्यावर विमान स्टँडवरून काढून वेगळं न्या. सळईसकट पिशवीत घालून स्कूटरला लटकवलेलं थंडरबोल्ट दौलतगंजाच्या पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंतच टिकतं. पिझ्झाचा रिकामा खोका, तळाला फोम, पंखांच्या आकाराच्या खाचा. पाट आणि सळया दुसऱ्या डब्यात.