कोल्हापुरात नवीन आलाय आणि दारू सोडायचीय? मग मीटिंग अशी शोधा

नोकरी, बदली, कॉलेज, कशासाठीही कोल्हापुरात आला असाल आणि दारू सोडलेली असेल किंवा सोडायची असेल तर रूम बघताय त्याच आठवड्यात ए.ए.ची मीटिंग, म्हणजे दारू सोडणारे एकत्र बसून बोलतात ती, पण बघून घ्या. मी मूळचा लातूरकडचा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला म्हणून आलो आणि इथलाच झालो, त्यामुळं बाहेरून आलेल्याची अडचण मला माहितीय. गावाकडं आई, बायको, शेजारी सगळ्यांचं लक्ष असतंय, इथं रूमवर आपण एकटे आणि संध्याकाळी सात वाजता कुठं निघालास म्हणून विचारणारं कोणी नाही.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं ते पण एका परगावी अडकलेल्या माणसामुळंच. १९३५ च्या मे महिन्यात बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला गेला, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत उभा, बाजूला बार, आणि दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले. गडी बारमध्ये गेला नाही, फोन फिरवत बसला, की या गावात आपल्यासारखा दुसरा पिणारा कोण भेटेल काय बोलायला. त्यातनं डॉक्टर बॉब भेटला, तो सर्जन होता आणि तो पण प्यायचाच. पुढं १९५७ ला हे दिल्लीमार्गे भारतात आलं.

तर तुम्ही पण फोनच करायचा. ए.ए. इंडियाच्या साइटवर मीटिंग शोधायची सोय आहे, आधीच्या गावात ग्रुप असेल तर स्पॉन्सरला, म्हणजे ग्रुपमधला जो जुना माणूस तुम्हाला सांभाळून घेतो त्याला, सांगा, त्यांची ओळख कुठं ना कुठं निघतेच. सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. साइटवर दिसलं म्हणून फोन न करता थेट जाऊन कुलूप बघून परत येऊ नका (आणि परत येताना वाटेत काय लागतंय ते सांगायला नको), कारण ग्रुप शाळेच्या वर्गात नाहीतर कुठल्यातरी हॉलमध्ये भरतात, जागा आणि वेळ बदलू शकते.

फोनवर विचारायचं ते असं: मीटिंग ओपन का क्लोज, म्हणजे घरच्यांना आणता येतं का फक्त पिणाऱ्यांसाठी, शेअरिंग मराठीत का हिंदीत, आणि बाई असाल तर अजून कोणी बायका येतात काय. बिनधास्त विचारा, कोणी राग मानत नाही. पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट वेळ. ज्या वेळेला तुमचे पाय बारकडं वळतात त्या वेळची मीटिंग धरा, भले ती राजारामपुरीत असो नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, घरापासून जवळ आहे म्हणून दुपारची धरून काय उपयोग. शिफ्ट बदलत असेल तर दोन ग्रुप हाताशी ठेवा, आणि मीटिंग सुटल्यावर केएमटीची बस आहे का ते आधी बघा.

पहिल्या दिवशी मागं बसा. प्रार्थना होते, मग एकेक जण 'माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे' म्हणून बोलतो, तुमच्यावर पाळी आली तर 'आज फक्त ऐकतो' एवढं म्हटलं तरी चालतंय. शेवटी पैशासाठी पिशवी नाहीतर डबा फिरतो, नवीन माणसानं टाकलंच पाहिजे असं नाही. कोणी फी मागितली तर ती ए.ए. नव्हे. अट एकच, दारू सोडायची इच्छा. माळकरी येतात, देव न मानणारे पण येतात. खरी पारख मीटिंग सुटल्यावर चहाला थांबल्यावर होते, कोण नंबर देतो, कोण नुसतं लेक्चर झोडतो ते तिथं कळतंय. एका मीटिंगवरनं 'आपल्याला नाही जमणार' म्हणू नका, दुसऱ्या ग्रुपला जाऊन बघा, माणसं बदलली की सगळंच बदलतं.

एक मात्र सिरीयसली घ्या. रोज पित असाल तर एकदम बंद करून नुसत्या मीटिंगवर राहू नका. हात थरथरायला लागतात, घाम यायला लागतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भास आणि भ्रम, जीवावर बेतू शकतं. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर कुठल्याही मानसोपचारवाल्या डॉक्टरला आधी दाखवा. आणि ग्रुपमधल्या कुणी 'गोळ्या सोड' म्हटलं तर ऐकू नका, ते ठरवायचं काम डॉक्टरचं.

बाकी कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आणि शेतावरची रस्सा मंडळं आलीच, कंपनीतली पोरं पहिल्याच रविवारी ओढून नेतील. रस्सा प्यायला कुणाची ना नाही पण पहिले काही महिने जेवणाच्या वेळेला जायचं आणि जेवून निघायचं, 'बैठकीला' लवकर जायचं नाही. गटारीला तर सरळ मीटिंग लावा. आणि संध्याकाळी कुठं उभं राहायचं हा प्रश्न असेल तर गंगावेशीत दुधाचा कट्टा आहे, समोर म्हैस पिळून ग्लास भरून देतात, गर्दी असते, गप्पा असतात.

बायको, आई मागनं इथं येणार असतील तर त्यांच्यासाठी अल-अनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, इथं नाही मिळाला तर ऑनलाइन बघा. त्यांना एवढं नक्की सांगून ठेवा की दारू सोडवायची गोळी चहातनं-भाजीतनं न सांगता द्यायची नाही, वरून दारू गेली तर बीपी पडून माणूस दवाखान्यात जातो. घ्यायचीच असेल तर डॉक्टरला विचारून, पिणाऱ्याला माहीत असताना.